पूरक

सव्वीस वर्षं मी एकच वाक्य लिहीत आलो :
'पार्श्वसंगीत पूरक.'
नेपथ्यानंतर, वेशभूषेच्या आधी,
परीक्षणाच्या शेपटाला,
जिथे डेस्कची कात्री सगळ्यात आधी पोचते.
नाटक बुडो की तरो, संगीत पूरक.
कधी तर मध्यंतरातच लिहून टाकायचो,
चहा निवायच्या आत.

मे महिना, पारा शेहेचाळीस.
धंतोलीतल्या एका शाळेचं सभागृह,
भिंतींत चार कूलर, ताट्यांचा ओला वास.
नाटक खापरखेड्याकडच्या राखेवर.
तिसरी घंटा झाली की कूलर बंद करतात इथे,
संवाद ऐकू यावेत म्हणून,
आणि आपण दोन अंक उकडत बसतो, कलेपायी.
त्या दिवशी घरघर चालूच राहिली.
मी वहीत टिपलं : व्यवस्थापन ढिसाळ.

मानेवरून घाम उतरला तेव्हा कळलं,
कूलर कधीचेच थांबलेत.
घरघर स्पीकरमधून येत होती,
आणि तिच्या तळाशी काहीतरी
ठक्, ठक्, घासल्या भांड्यासारखं
वर येत होतं.
रंगमंचावरची बाई ताटावरची राख पुसत होती.
बोलत नव्हती. चार मिनिटं.
आमच्याकडे चार मिनिटं गप्प राहिलेलं नाटक
मी तोवर पाहिलं नव्हतं.

मागे जाऊन पाहिलं तर लॅपटॉपसमोर
डोक्याला ओला दुपट्टा बांधलेली मुलगी.
यामिनी हेडाऊ, गोळीबार चौक.
'कोणता राग हा?'
'राग कायचा सर, आमच्या घरचा कूलर आहे.
तीन उन्हाळे सा लावून राहिला होता,
कोणी ऐकूनच नाही राहिलं.'
मग म्हणाली, शनिवारी या. नाचाचं आहे.

हिंगणा रोडवरचं लॉन.
लग्नाच्या कमानीतली फुलं अजून लटकलेली.
कॉलेजची पोरं, ड्यूटी संपवून आलेल्या दोन नर्सा,
आणि टेम्पो बाहेर लावून आत आलेला एक इसम,
ज्याला कोणीच काही विचारलं नाही.
तोच कूलर, पण आता पळणारा.
मी खांबाला टेकून लिहू लागलो :
ठेका सरळ. चारही मात्रांवर सारखंच वजन,
समेला वेगळा मान नाही,
म्हणून कुणालाही कुठूनही आत शिरता येतं.
पुढे लिहिलं : सोळा आवर्तनं तिने खर्ज काढून घेतला
आणि दोनशे माणसं हात वर करून थांबली.
याला आम्ही विराम म्हणतो.
बहुतेक नटांना तो पेलत नाही.
(शेवटची दहा मिनिटं लांबली. तेही लिहायला हवं.)

त्यापुढचं अक्षर माझं मलाच लागत नाही.
डावा पाय, गुडघ्याची वाटी बदललेला,
मला न विचारता हलू लागला होता.

रात्री तीनपर्यंत बसलो. सातशे शब्द.
'पूरक' म्हणजे उणं असलेलं भरून काढणारं,
मग इथे उणं काय होतं?
नाटक? की सव्वीस वर्षं पहिल्या रांगेत
पासावर बसलेला माझा कान?
सगळा मजकूर संगीतावरच गेला.
नटांसाठी शेवटी एक ओळ उरली,
तिथे लिहिलं : 'अभिनय पूरक.'

सोमवारी छापून आले एकशेदहा शब्द.
बाकी जागेत जाहिरात,
त्याच लॉनची, तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त, बुकिंग सुरू.
संगीताबद्दल उरलं एवढंच :
'संगीत : यामिनी हेडाऊ.'

लाज वाटून फोन उचलत नव्हतो.
तिसऱ्यांदा वाजला तेव्हा घेतला.
'सर, नाव बरोबर आलं!
मागच्या पेपरात हेडगे करून टाकलं होतं.
आईनं कात्रण फ्रिजवर लावलं.'
आणि मागे, तिच्या बोलण्याखाली,
तो चालू होता,
पाणी कमी झालेलं असावं,
सा थोडा चढलेला.