रीडिंग

जहाजातून उतरताना दारावरच्या पोरीनं
माझं कार्ड मशीनला लावलं. टिंग.
म्हणाली, मिस्टर डिकोन,
साडेचारला परत. जहाज कोणासाठी थांबत नाही.
मी म्हटलं, डिकोंडवार. ती हसली.
तोवर मागच्याचं टिंग झालं होतं.

हे मी सांगून राहिलो सक्करदऱ्याच्या गच्चीवर,
मे महिना, रात्रीचे दहा,
कूलरच्या टाकीत पाइप सोडून.
भरायला अर्धा तास लागतो, तेवढ्यात मावेल तेवढंच.
ठवकर विचारतो, समुद्र कसा होता?
आपल्या नागपुरापासून तो कुठूनही लांबच,
त्यामुळे विचारणारच.
कसा असणार. निळा.
चार दिवस पाहून पाहून
मला तो भिंतीसारखा वाटायला लागला होता.

तिकीट जावयानं काढलेलं.
ही आणि मुलगी वाळूवर. हिनं सलवार
पोटऱ्यांपर्यंत वर घेतलेली,
आयुष्यात पहिल्यांदा, दिवसाढवळ्या.
खुर्ची बारा डॉलर. छत्री वेगळी.
म्हटलं, येतो जरा पाय मोकळे करून.

बंदराला लागून घड्याळं, हिरे, टोप्या,
रंगवलेले लाकडी पोपट,
सगळं आपल्यासाठी, म्हणजे जहाजासाठी.
दोन गल्ल्या मागं गेलो आणि गाव सुरू झालं.
वाळत घातलेल्या चादरी. नाल्यावर फळी.
आणि एका पिवळ्या लाकडी घराच्या भिंतीला
मीटर.

एकतीस वर्षं हेच केलं, बापा.
महाल, इतवारी, गोळीबार चौक,
जिन्याखाली, न्हाणीमागे, सायकली बाजूला सारत,
कुत्र्याला हाड म्हणत, बॅटरी दातात धरून.
पाय आपोआप वळले.
काचेवरची धूळ अंगठ्यानं पुसली.
शून्य चार सात एक नऊ.
चकती फिरून राहिली होती हळूहळू,
दुपारी झोपलेल्या घराची फिरते तशी.
एक फ्रीज, एक पंखा, बस.

दार उघडलं. म्हातारी.
म्हणजे माझ्याच वयाची.
डोक्याला रुमाल, हाताला पीठ.
तिची इंग्रजी माझ्या इंग्रजीला ओळख देईना,
पण तिनं आतून मागच्या महिन्याचं बिल आणून
माझ्या नाकासमोर धरलं,
तेव्हा भाषेचा प्रश्नच मिटला.
एकटी राहते! एवढासा पंखा! आणि हे बघ!
मीच तो. कंपनीचा माणूस.

गळ्यात कार्ड होतं,
टोपीवर जहाजाचं नाव होतं,
सांगता आलं असतं की बाई, मी फिरायला आलो.
नाही सांगितलं. काहून, ते माहीत नाही.
चष्मा वर सरकवून बिल पाहिलं.
चार हजार सातशे एकोणऐंशी.
मीटर अजून तिथवर पोचलाच नव्हता.
तिकडच्या पोरानं एकाचा सात वाचला,
उन्हात होतं असं, माझ्याही हातून झालंय.
आकड्याला गोल केला, खरा बाजूला लिहिला.
ऑफिस, म्हटलं. यू गो. धिस शो.

ती गोलाकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे,
मग आत जाऊन वाटीत काहीतरी उकडलेलं घेऊन आली,
रताळं आणि बटाटा यांच्या मधलं.
पायरीवर बसून खाल्लं. मीठ बरोबर होतं.
एकतीस वर्षांत इतवारीत
पाणी विचारणारी घरं बोटावर मोजावी.

चार वाजून दहा. धावलोच.
ही धक्क्यावर उभी, एका हातात चपला,
एका हातात बिसलेरीच्या बाटलीत समुद्र.
कुठे होता?
ड्यूटीवर, म्हटलं.
टिंग. वेलकम बॅक, मिस्टर डिकोन.

ती बाटली फ्रीजवर ठेवलीय, हात लावू देत नाही ही.
खाली जिन्यात आपला नवा मीटर
लाल डोळा मिचकावून राहिला,
त्याला वाचायला कोणी येत नाही आता.
इथे दहा म्हणजे तिकडे दुपारचे साडेबारा.
एक फ्रीज, एक पंखा, अकरा महिने,
किती झालं असेल, ठवकर?
बंद कर तो नळ,
सांडून राहिलं पाणी.