ग्रस्तास्त

माझ्या उजव्या डोळ्यात एक बी आहे,
संत्र्याच्या बीएवढी, करडी.
डावा डोळा झाकला
की पारडीच्या बसवर मला 'पा' दिसतो आणि 'डी'.
मधला 'र' ती गिळते.

पंच्याण्णव सालचं ग्रहण, सकाळचं.
मी नऊ वर्षांची.
पलंगाखालून बाबांच्या छातीचा एक्स-रे काढला,
मेडिकलमधून आणलेला,
आणि न्हाणीच्या पत्र्यावर चढले.
मॉडेल मिलच्या कापसानं भरलेली ती छाती.
दोन बरगड्यांच्या फटीतून सूर्य दिसला,
तपकिरी, शांत,
कडेनं चावा घेतलेल्या गाकरासारखा.
बघत राहिले.
डोळ्याला पाणीसुद्धा आलं नाही.

हेच तर कुणी सांगत नाही.
बोट भाजलं की हात मागे येतो,
डोळ्याच्या पडद्याला दुखणं ठाऊकच नाही.
काळी फिल्म नुसता उजेड कमी करते,
अंधारलं समजून बाहुली दार सताड उघडते,
आणि जाळणारं जे असतं
ते चपला न काढता आत येतं.
संध्याकाळी अभ्यासाला बसले तेव्हा कळलं.
आई म्हणाली, राहूची नजर.
मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या.
बी तिथंच.

आज लक्ष्मीपूजनाचा दुसरा दिवस,
नंदनवनातली आमची गच्ची, सगळे पोट्टे वर.
सुगत मेश्राम विचारतो,
"मावशी, चंद्र तं एवढुसा. सूर्याले झाकते कसा थो?"
अंगठा धर डोळ्यापुढे. आता ती पाण्याची टाकी बघ.
"गेली न टाकी!"
मग अंगठा टाकीहून मोठा झाला का रे?
बराच वेळ गप्प.
"जवळ हाये म्हून."
बस. चंद्राचं तेवढंच आहे.

चश्मे दोनच, खास ग्रहणाचे.
तिसऱ्यावर ओरखडा होता, तो मी कात्रीनं कापला.
सूर्याकडे पाठ करून लावायचा, मग वळायचं,
परत पाठ करायची, मगच काढायचा.
देवळातून निघतो त्याच्या नेमकं उलट.
कुणीतरी बापाच्या दुकानातली वेल्डिंगची काच आणली.
दहा नंबर. ठिणगीला पुरते, ह्याला नाही.
चौदा असेल तर आण.

आणि जिन्यातून पल्लवी निनावे आली,
आठवा महिना,
दुपारपासून कडी लावून बसवलेली.
"सासूबाईंचा डोळा लागला," म्हणाली.
हातात बुंदीचा झारा, अजून तुपकट.
सुगतनं तो उन्हात धरला,
ती दोन पावलं मागे, मान खाली घालून,
आणि तिच्या पोटावर
प्रत्येक भोकातून एक-एक सूर्य उतरला,
सगळेच्या सगळे कुरतडलेले.
"करंज्या!" पोट्टे ओरडले.
ती मोजायला लागली, मग मोजायचं विसरली.

मी डावा डोळा झाकून पाहिलं.
मधली एक करंजी नव्हती.
ती मी नऊ वर्षांची असताना खाल्ली.

अंबाझरीच्या बाजूला सूर्य तसाच बुडाला,
ग्रासलेला.
खालून गल्लीत कुणीतरी ओरडलं, दे दान सुटे गिऱ्हान.
"मंग सुटला का थो?"
सुटला असेल. आपल्याला दिसलं नाही.
झारा घासून दे तिला,
आणि जिना हळू उतरा रे,
तिला पुढे जाऊ द्या.