इतर हक्क

पुडा जर्मनीचा. आत मीठ.
बादलीत आरओचं पाणी, छोटा पंप, रात्रभर ढवळणं,
आणि सकाळी तेराव्या मजल्यावर
दोनशे लिटर समुद्र.
बेलापूरची खाडी खिडकीतून दिसते, फुकट,
पण तिचं पाणी घालायचं नाही, मासे मरतील.

करावे गावातलं घर बंद करून दादा आले
त्या संध्याकाळी चपला काढायच्या आधी
त्यांनी टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं.
"फिकं हाय रं, निकेश. आजून मूठभर."
मी रिफ्रॅक्टोमीटर उजेडाकडे धरला.
निळी रेघ एक घर खाली.
शहाबाजच्या आगरात चाळीस उन्हाळे
कोंडीतलं पाणी त्यांनी असंच चाखलेलं,
मीठ धरायच्या आदल्या दिवसापर्यंत.
त्या आगराचा आता सेक्टर झालाय,
आमच्या पार्किंगसकट.

खडकाबरोबर कोण कोण आलं
ते विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.
आठवड्याने काचेवर पांढरी चांदणी, नखाएवढी,
एक पाय तोकडा.
मग गुलाबी, केसाळ, गोमेसारखं काहीतरी
जे दिवा लावला की कपारीत ओढलं जायचं,
पाहुणे आल्यावर थांबलेल्या भांडणासारखं.
मग आवाज. रात्री दीडला. टक्.
दर्शना म्हणाली, काच तडकतेय.
टक्.

दादांना झोप अजून भरती-ओहोटीच्या हिशेबानेच येते.
उघाडीवर जागायची सवय.
टॉर्चला आकाशकंदिलाचा लाल कागद बांधून
(लाल उजेड ह्या जिवांना दिसत नाही,
एवढंच माझं वाचन कामी आलं)
ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसू लागले,
मांडीवर मनवाची चौकटींची वही,
वहीत सातबाऱ्यासारखे रकाने.

गोमेसारखं: आमचे बांधात बी असायचं. घान खातं. राहू दे.
चांदणी: काच चाटतं. राहू दे.
काचेच्या फुलासारखं, देठावर उभं: चावरं.
एक तोडला त चार झालं, टावरवानी.
टक्: कोलंबीची जात. एक नांगा मोठा. बोट घालू नये.

दोन नारंगी माशांचा वाद मात्र
मनवा आणि दुकानदार यांच्यातला.
त्याने पर्क्युला म्हणून दुप्पट घेतले.
पाठीवरचे काटे मोजायचे:
दहा तर पर्क्युला, अकरा तर ऑसेलॅरिस.
मासा एका जागी थांबेल तर ना.
मनवा दर वेळी साडेदहावर येते.

"ह्यांच्यातली बाई कोनची?" दादांनी विचारलं.
मोठी ती, मी म्हटलं. जन्मतात सगळे नरच.
मोठी मेली की तिच्या मागेमागे पोहणारा
हळूहळू तिच्याएवढा होतो,
मग तीच होतो.
दादा बराच वेळ काचेकडे बघत राहिले.
मग उठले. परातीत उकड निवत होती.

आई जाऊन पंधरा महिने झाले.
सुरुवातीला भाकरी त्यांच्या हातातच फाटायची,
दर्शना म्हणायची, राहू द्या, पोळ्या करते.
आता भाकरीच्या कडेला बोटं उमटतात
बरोबर तेवढ्याच अंतरावर,
आणि सुकटीच्या डब्याचं झाकण
पिठाच्या हातांमुळे ते कोपराने दाबतात.
हे त्यांना कुणी शिकवलं नाही.

काल वहीचं शेवटचं पान पाहिलं.
पंपाच्या मागे कुणीतरी आहे,
दोन डोळे, बाकी अंधार,
आणि सकाळी वाळूची एक नवी ढिगुळी.
फोटो काढला तर नुसता लाल डाग येतो.

नाव: रकाना रिकामा.
जात: लिहून खोडलंय.
इतर हक्क: पैल्यापासून हाय. हलवू नये.