पान दोनशे बारा

लेगॉनच्या तिसऱ्या मजल्यावर, बंद पंख्याच्या खोलीत
डॉक्टर एन्योनाम क्पोडो
एकवीस वर्षं एकच वाक्य शिकवत आल्या :
राज्य म्हणजे सवय.
मी त्यांच्या विषयात दोनदा नापास झालो.
दुसऱ्यांदा उत्तरपत्रिकेवर लाल शाईत लिहिलं होतं –
उत्तर बरोबर आहे. पण तुला ते का वाटतं, हे कुठे आहे?

मग एका फेब्रुवारीत,
हरमॅटनची धूळ पुस्तकांवर बसलेली असताना
मंत्रालयातून फोन आला.
कुणीतरी विद्यार्थी चेष्टा करतोय, असं वाटून
त्यांनी दोनदा फोन ठेवला.
तिसऱ्यांदा त्या राजदूत झाल्या.

लोमेतल्या घराला बारा खोल्या, एक झेंडा
आणि एक स्वयंपाकी. त्याला पहिल्याच दिवशी विचारलं,
सार्वभौमत्व कुठे असतं, तुझ्या मते?
तो म्हणाला, बाई, किल्ल्या माझ्याकडे असतात.

मी तोवर तिथे दुय्यम सचिव. टिपणं घ्यायचो.
वर्गात ज्या म्हणायच्या, ताकाला आलात तर भांडं पुढे करा,
त्या आता भांडं लपवायला शिकत होत्या.
‘खेद’ आणि ‘चिंता’ यांत किती पावलांचं अंतर,
ते मोजत चालायच्या,
नव्या चपलेनं टाच सोलल्यासारख्या.

वाटाघाटी एका विहिरीच्या होत्या.
गाव त्यांच्याकडे, विहीर आमच्याकडे;
रहाटाचा दोर कुणाचा, ते नकाशात नव्हतं.
टेबलावर आमची इंग्रजी, त्यांची फ्रेंच, मध्ये घामाघूम दुभाषी,
आणि चहाच्या सुट्टीत सगळेच एवे भाषेत
एकमेकांच्या आत्यांची चौकशी करत.

तिसऱ्या दिवशी समोरच्या कोमी आमेगांनी
पिशवीतून एक पुस्तक काढलं.
पुठ्ठा उन्हानं विटलेला. पान दोनशे बारा.
चष्मा पुसून, अडखळत, इंग्रजीत वाचलं :
“रेषा आखणारा निघून जातो.
विहीर तिची, जी रोज वाकून पाणी ओढते.”
लेखिका, ए. क्पोडो.

आपलेच दात, आपलेच ओठ.
माझं पेन थांबलं.
अक्राहून आलेल्या सूचना त्यांच्या तळहाताखाली होत्या –
दीड पान. शेवटची ओळ अधोरेखित : विहीर सोडायची नाही.
एसी घशात काही अडकल्यासारखा वाजत होता.

“ही बाई माझ्या ओळखीची आहे,” त्या म्हणाल्या,
“तिला कधी कुणी सूचना पाठवल्या नाहीत.”
सगळे हसले. आमेगा हसले नाहीत.

पुढचं टिपणात नाही.
त्यांनी पुस्तक मागून घेतलं.
समासात पेन्सिलीनं, फार पूर्वी कधी,
आमेगांनीच लिहिलं असावं :
मग दुष्काळात?
ते दोन शब्द त्या वाचत राहिल्या
माझ्या उत्तरपत्रिका वाचायच्या तशा, ओठ किंचित हलवत.

रात्री अक्राला सात फोन. तिकडून दोनदा ठेवला गेला.
पहाटे एक वाक्य मंजूर झालं :
गावकरी नेहमीप्रमाणे पाणी भरतील.
मालकीचं कलम आयोगाकडे. आयोग अजून नेमायचाय.
त्या ‘नेहमीप्रमाणे’साठी साडेतीन तास गेले,
आणि फ्रेंचमध्ये ते तरीही नीट बसलं नाही.

संध्याकाळी अफलाओच्या नाक्यावर गाडी थांबली.
शिपाई केंकी खात होता.
मोटरसायकलवर पाण्याचे तीन कॅन बांधून
एक बाई त्याच्याकडे न बघता पलीकडे गेली.
त्याचाही घास थांबला नाही.

डॉक्टरबाईंनी चपला काढल्या,
पाय सीटवर घेतले
आणि म्हणाल्या, लिहून घे.
काय, ते सांगितलं नाही.