तास

यॉर्क नदीवरचा फिरता पूल उघडला
की ग्लॉस्टर पॉइंटचा सगळा रस्ता खोळंबतो.
म्हणून ती बाई वीस मिनिटं उशिरा आली,
माफी मागत, चिखलाचे बूट दाराबाहेर काढून.
तिच्या कार्डावर पाच देशांतल्या आठ कंपन्यांची
मिळून एक निळी लाट.

खोका मी आधीच काढून ठेवला होता.
बाबांच्या एकोणीस वह्या, मोडका व्हर्नियर,
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो,
करांद्यासारखा, काळा, गाठीगाठींचा,
धरला की बोटांना काजळी लावणारा.
लहानपणी मी तो दाराला टेकण म्हणून लावायचे.
"दहा लाख वर्षांत नखाच्या कडेएवढा वाढतो,"
बाबा म्हणायचे, "आणि तू त्याला पायाने सारतेस."

शहात्तर साली असाच एक संघ जमला होता.
पोलादवाले, जस्तवाले, जपानी जहाजवाले.
आई त्याला भिशीच म्हणायची.
"या महिन्यात कुणाला लागली तुमची भिशी?"
कुणालाच लागली नाही.
निकेलचा भाव पडला,
समुद्र कुणाचा यावर सभांवर सभा झाल्या,
आणि एका शुक्रवारी प्रयोगशाळेला कुलूप.
डॉक्टर टॅलिआफेरो
(लिहितात असं, म्हणतात टॉलिव्हर;
आमच्या केळशीकरचं केल्सी त्यांनीच केलं)
पार्किंगमध्ये उभे राहून रडले.
बाबा रडले नाहीत.
सोमवारी ऑयस्टरच्या कारखान्यात हिशेब लिहायला गेले.

बाई पानं उलटत होती.
खोली, वजन, मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट,
सगळं इंग्रजीत, सरळ, टोकदार.
फक्त शेवटचा रकाना देवनागरी.
"हे काय आहे?"
इतर, मी म्हटलं. आणि वाचून दाखवलं:
पांढरं, पाच हातांचं. बशीत ठेवताच विरलं.
जांभळी काकडी. आरपार दिसते.
देठावर फूल. फूल नसावं.
परत टाकलं. मेलेलंच.

ती भराभरा लिहून घेत होती.
हल्ली परवान्याआधी
तिथे कोण राहतं ते मोजून द्यावं लागतं, म्हणाली.
"ज्यांना खणायचंय त्यांनीच मोजायचं?"
"हो," ती म्हणाली, आणि हसली नाही,
म्हणून मला ती जरा आवडली.

मग तिने टॅब्लेट माझ्याकडे वळवला.
चार हजार चारशे मीटर खाली, मागच्या वर्षी.
करड्या गाळात शेजारी शेजारी दोन रेघा.
"तुमच्या वडिलांच्या जहाजाचं दाताळं.
जुलै शहात्तर. नोंदी जुळतात."

काल ओढल्यासारख्या. कडा तशाच उभ्या.
आत एकही करांदा नाही.
इतरही कुणी नाही.

केळशीत आजोबांनी काढलेला तास
महिन्याभरात बुजायचा, गवत चढायचं,
बैल तरी तुडवायचे.
तिला सांगितलं, आमच्यात नांगराच्या रेघेला तास म्हणतात,
आणि घड्याळातल्यालाही.
"कुठला आधी?" तिने विचारलं.
मला माहीत नव्हतं.

बाबांची राख आम्ही याच पुलाखाली सोडली,
परवानगी न काढता, पहाटे, ओहोटी बघून.
दहा मिनिटांत पाणी कोरं.
प्रयोगशाळेच्या जागी आता बोटींचं गोदाम आहे.
टॉलिव्हर गेले. आई गेली.
त्या माणसाने जगावर काढलेलं जे काही उरलंय
ते एवढंच, जिथे उजेड पोचत नाही तिथे,
आणि ते पुसलं जायला हवं होतं.

लाज वाटायला हवी होती.
मी म्हटलं, "याची एक प्रत मिळेल?"

वह्या तिने पावती देऊन नेल्या.
करांद्याबद्दल विचारलंही नाही.
खिडकीतून पाहिलं तर पूल पुन्हा उघडला होता,
आरमाराचं काहीतरी करडं सावकाश आत शिरत होतं,
आणि तिची गाडी रांगेत शेवटची, दिवे लावून.

मी हात धुतले.
पुन्हा धुतले.