शंकरपाळी

उभ्यादांड्याच्या नव्या गेस्टहाऊसात
इटलीहून फरशीची खोकी आली, बावीस.
आतला कागद मराठीत करून द्यायचे
मला दोन हजार ठरले होते.

लोझांगा. मी लिहिलं : समभुज चौकोन.
बस्त्याव गवंडी ओळंब्याची दोरी गुंडाळत म्हणाला,
"चौकोन म्हणजे ह्यो, खिडकीचो?"
मी चित्र दाखवलं.
"मगे शंकरपाळी म्हण मरे. पोरगोय लावतलो."

खोडलं.

त्रापेत्सिओ : समलंब...
नको. सूप.

मांदोर्ला म्हणजे त्यांचा बदाम.
तसंच लिहिलं असतं तर याने
पत्त्यातला बदाम लावला असता न्हाणीघरभर.
म्हणून होडी. वरून पाहिलेली, वल्हं नसलेली.

स्पिक्योवर चहा निवला.
लसणीची पाकळी की पपनसाची फोड?
तो म्हणे फोड, फोडीक पाठ असता.
मी बोटाने कागदावरची पाठ चाचपली.
होती.

शेवटचा शब्द स्फ्रीदो.
आकार नव्हेच तो.
कापताना भिंतीकडेला वाया जाणारे तुकडे, निकामी,
मी मोठ्याने वाचलं.
बस्त्याव करणी धूत राहिला.

संध्याकाळी त्याच्या सायकलच्या पिशवीत
अर्ध्या शंकरपाळ्या खुळखुळत होत्या.
अंगणातल्या खुरसाचा चौथरा
गेल्या पावसात खचलाय, एवढंच म्हणाला,
आणि उताराला लागला.

कागद मी दुसऱ्या दिवशी दिला.
स्फ्रीदोपुढची जागा कोरी.
दोन हजारांतले शंभर कापले त्यांनी.