व्हाइट बॅलन्स

दिल्लीच्या डेस्कवरून फोन: चाळीस सेकंद पुरे.
जळतानाचं आहे का? जळून गेलेलं सगळ्यांकडं आहे.
मिनिटाचा दर ठरलेला,
विझलेल्याला निम्मा.

लक्ष्मीपुरीत मी उभी. नेट बंद, दुकानं बंद,
गटारीकडेला एक कुत्रं तेवढं चालू.
शटर वाकवून आत शिरलेले
शटर वाकलेलंच ठेवून गेलेत.
आत शिलाई मशीन. बटणं वितळून एकमेकांत मुरलेली,
काळ्या गुळाच्या ढेपेसारखी.
मी फोकस लावते. हात थरथरत नाही.
थरथरत नाही, याचीच हल्ली भीती वाटते.

"चेहरा घेऊ नका," दस्तगीर शिकलगार म्हणाले,
"हात घ्या हवं तर. हाताला नाव नसतंय."
मग हातच घेतले.
अंगठ्यावर सुईनं पडलेला जुना घट्टा, नखांत राख,
बोटांत पंचनाम्याचा कागद,
'अंदाजे नुकसान'च्या पुढं मोकळी ओळ.

कॅमेरा खाली केला तसे ते माझ्याकडं बघत राहिले.
"आमच्या शबानाच्या लग्नात शूटिंगला आला हुतासा न्हवं?
बावड्यात. टेबलावर चढला हुतासा, चप्पल काढून."
चढले होते. तेव्हा नलवड्यांच्या स्टुडिओत रोजावर होते,
हजार रुपये आणि जेवण लग्नघरचं.
"आमची कॉपी हितंच कपाटात हुती.
त्यात आमचं घरचं माणूस हाय.
गेल्या साली गेली.
त्यात चालतीया, बोलतीया.
तुमच्याकडं असंलच की."

बघते म्हटलं.

बघायचं काय होतं?
सांगली फाट्यावर लाठीमार झाला त्या दुपारी
डिस्क भरलेली. उभ्याउभ्या लग्नं पुसली,
सत्तावीस लग्नं.
कायमचं पुसायचं का, मशीननं विचारलं.
होय म्हटलं.
लाठीमार तीन देशांत दिसला म्हणे.
पैसे अजून यायचेत.

संध्याकाळी राजारामपुरीत, सातव्या गल्लीत,
दोघं साध्या कपड्यातले जिना चढून आले.
ताई, फुटेज द्या, तपासाला मदत होईल.
कुणाच्या तपासाला, ते सांगितलं नाही.
त्यांना चेहरे हवे होते. माझ्याकडं हात होते.
चहा न घेता गेले. जाताना दारावरची पाटी
मोठ्यानं वाचली, आडनावासकट.

मग तांदळाच्या डब्यातून डिस्क काढली.
उगाचच. नाही हे माहीत असलेली वस्तू
माणूस जास्त नीट शोधतो.
तीन वाजता एक तुकडा हाताला लागला,
नाव नसलेला, अकरा सेकंदांचा.
लेन्ससमोर धरलेला पांढरा रुमाल, बाकी काही नाही.
पांढरं म्हणजे काय, हे कॅमेऱ्याला आधी दाखवावं लागतं,
नाहीतर मंडपातल्या पिवळ्यालाच तो खरं मानतो.
रुमालामागं भांडी, पोरांची पळापळ,
आणि एक बाई, घाईत, कुणावर तरी ओरडून:
"अगं, त्या कॅमेऱ्यावाल्या पोरीला कुणी वाढलं का?
सकाळधरनं उभी हाय ती."

दुसऱ्या दिवशी फोन त्यांच्या हातात दिला.
ते पडद्याकडं बघेनात. कानाला लावला,
पलीकडून कुणी बोलत असल्यासारखा.
"परत लावा."
लावला.
वाकलेल्या शटरमधून उजेड तिरका येत होता,
सुरेख फ्रेम होती, मी घेतली नाही.
खिशातला दुसरा फोन थरथरला. नेट आलं होतं,
डेस्कला अजूनही जळतानाचंच हवं होतं.
"परत."

चौथ्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनी फोन
शर्टाला पुसून परत दिला.
"मग? जेवलासा का त्या दिवशी?"

आठवत नव्हतं.
होय म्हटलं.